सातव्याचं पाणी

काशीला लोक मरायला येतात, आम्ही गवत लावायला आलो. हे वाक्य अण्णांचं. नव्या माणसाची ओळख झाली की ते हमखास म्हणायचे आणि वर स्वतःच हसायचे. आई म्हणायची, "पुरे हो, लोकांना वाटेल तुम्ही घोडे पाळता." आई गेल्यानंतर ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि मला वाटतं, आमच्या घरातला शेवटचा विनोदही तिच्याबरोबरच गेला. शहराच्या बाहेर, वरुणा नदीच्या अंगाला, एका मोठ्या कारखान्याची वसाहत होती. तिथल्या साहेबांना गोल्फ खेळायचा नाद, म्हणून नऊ भोकांचं एक मैदान होतं आणि त्या मैदानाच्या देखभालीला पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेला एक माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे माझे वडील, अण्णा. आमचं क्वार्टर मैदानाच्या अगदी कडेला, शेजार म्हणून नव्हताच. सकाळी कारखान्याचा भोंगा, दुपारी बैल ओढत असलेल्या गवत कापायच्या मशीनची खरखर, संध्याकाळी बेडूक. बैलाच्या खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे मोजे घालत. मी शाळेत हे सांगितलं तेव्हा मुली मला खोटारडी म्हणाल्या, आणि मीही त्यांना घरी आणून दाखवायच्या फंदात पडले नाही. कारण घरी येऊन त्यांनी बघावं असं बाकी काही उरलं नव्हतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की प्रत्येक भोकाभोवती एक गुळगुळीत गोलाकार जागा असते, तिला ग्रीन म्हणतात. आमच्या मैदानावर पूर्वी ती नावालाच ग्रीन होती. वाळूत इंजिनाचं जळकं तेल कालवून थापलेली काळी वर्तुळं होती ती, पावसात धुऊन जायची आणि दसऱ्याला पुन्हा थापायची. तिथे खरंखुरं गवत आणायचं म्हणून अण्णांना बोलावलं होतं. गवत म्हणजे दूब, आपली गणपतीची दूर्वाच. तिची काडी काडी लावायची, गंगेच्या पलीकडच्या तीरावरून आणलेली वाळू आणि चाळलेलं शेणखत वरून पसरायचं, पाऊस सरला की काटेरी फावड्याने जमिनीला भोकं पाडून तिला श्वास घेऊ द्यायचा. चार वर्षांत आठ ग्रीन हिरवे झाले. सातवा मात्र हटून बसला होता. तो मैदानाच्या सखल कोपऱ्यात होता, आजूबाजूचं सगळं पाणी त्याच्याच अंगावर यायचं आणि दरवर्षी भाद्रपदात लावलेली दूब तिथे कुजून जायची. अण्णा त्याला 'सातवा' म्हणायचे, एखाद्या वाया गेलेल्या मुलाबद्दल बोलावं तसं.

आमच्या घरचा गणपती आई स्वतः करायची. तिच्या माहेरची रीत होती ती, कोकणातली. इथे आल्यावर शाडू मिळेना, तेव्हा तिने गंगौट, म्हणजे गंगेच्या काठची चिकण माती, वापरायला सुरुवात केली. माती दोन दिवस मळायची, आत सुतळी आणि भाताचं पेंढ घालून पोट उभं करायचं, आणि शेवटी एका डबीतल्या दोन गुंजा डोळे म्हणून बसवायच्या. एक गुंज टपोरी, दुसरी थोडी बारीक आणि तिच्या काळ्या टिकलीचा टवका उडालेला. आई दरवर्षी विसर्जनाआधी, उत्तरपूजा झाल्यावर, त्या अलगद काढून घ्यायची आणि पुन्हा डबीत ठेवायची. लहानमोठ्या डोळ्यांमुळे आमचा गणपती हमखास तिरळा व्हायचा. अण्णा पाटासमोर बसून मान इकडून तिकडे करायचे आणि विचारायचे, "हा बघतोय कुणाकडे? माझ्याकडे की तुझ्याकडे?" आई हात धूत म्हणायची, "दोघांकडे." दरवर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. मला तेव्हा वाटायचं, मोठी माणसं एकच गोष्ट इतकी का बोलतात. आता वाटतं, त्यांच्याकडे बोलायला तेवढंच असतं आणि तेवढं पुरतं.

माघात आई तापाने गेली. नऊ दिवस ताप, दहाव्या दिवशी सगळं संपलं. मी बारा वर्षांची होते. त्यानंतरच्या घराबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी स्वयंपाक शिकले, म्हणजे खिचडी शिकले. सकाळी मुगाची, रात्री तुरीची, आणि रविवारी हेडमाळी रामधनी शेणीच्या आरावर भाजलेल्या दोन बाट्या आणि वांग्याचा चोखा, म्हणजे भरीत, फडक्यात बांधून आणून द्यायचा. अण्णा पान वाढलं की जेवायचे आणि पान उचललं की उठायचे. मराठी ही आमच्या घरातली भाषा, बाहेर सगळीकडे हिंदी आणि भोजपुरी. घरात तीन माणसं असताना ती भाषा गडबड करायची. दोघं उरलो, त्यातलं एक बोलेनासं झालं, तेव्हा मी एकटीच मराठी बोलत होते, तीही बहुधा दुधाच्या पातेल्याशी. एकदा तर शाळेतून येताना मला 'उंबरठा' हा शब्द आठवेना. मी दारात उभी राहून रडले. अण्णा मैदानावर होते.

आईची थोरली बहीण, आमची अक्कामावशी, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत एका वैदिकांच्या घरी दिलेली. ती महिन्यातून एकदा रिक्षाने यायची, माझ्या केसांत तेल घालायची आणि अण्णांशी वाद घालायची. "भाऊजी, ह्या जंगलात पोरीची देखभाल कोण करणार? माझ्याकडे सोडा. चार माणसं आहेत, सणवार आहेत, रौनक आहे." अण्णा म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला ज्येष्ठात कळला. मैदानाचे सेक्रेटरी साहेब एक दिवस सातव्यावर उभे राहून अण्णांशी बोलत होते आणि मी चहाचा थर्मास घेऊन मागे उभी होते. दिवाळीनंतर बाहेरगावचे खेळाडू सामन्याला येणार होते. साहेब म्हणाले, तोवर सातवा हिरवा दिसला तर अण्णांची नोकरी कायम, नाहीतर पुढच्या वर्षी करार नाही. घरी येताना अण्णा आपण होऊन बोलले. "क्वार्टर गेलं तर मी गावी जाईन, कुसुम. शेतीवर. तुला शाळा आहे, तू मावशीकडे राहशील." म्हणजे सातव्याचं पाणी उतरलं तर आम्ही दोघं एकत्र, नाही उतरलं तर तेही नाही. मला मावशी आवडायची, पण अण्णांना सोडून जायचं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात अण्णांनी सातवा अख्खा उकरला. खाली माशाच्या काट्यासारखे चर खणले, त्यांत विटांचे रोडे, वर गिट्टी, म्हणजे खडी, आणि वर वाळू. सगळे चर एका वीटबांधी हौदीत आणून सोडले, आणि हौदीतून नारळ जाईल एवढी रुंद खापराची नळी काढून ती नाल्यात. दुपारी मी डबा घेऊन जायचे तेव्हा अण्णा काडीने मातीवर रेघा ओढून मला समजावायचे. आई गेल्यानंतर ते माझ्याशी इतकं बोलले ते त्याच दिवसांत. "हे बघ, ग्रीनचं पाणी चरांत, चरांतलं हौदीत. हौदीत वाळू खाली बसते. वरचं नितळ पाणी नळीने नाल्यात, नाल्यातून वरुणेत आणि वरुणेतून गंगेत. म्हणजे सातव्यावर पडलेला थेंब शेवटी आदिकेशव घाटापाशी गंगेला मिळतो." मला ते फार आवडलं. मी ते पाठ केलं. आषाढात दूब लावली, श्रावणात धो धो पाऊस झाला तरी सातवा तासाभरात कोरडा व्हायचा. रामधनी नाल्यापाशी उकिडवा बसून नळीतून पडणारी धार बघायचा आणि म्हणायचा, "वाह साहेब, ई त गंगोत्री हो गइल!" अण्णा त्या दिवशी हसले. अगदी थोडं, पण हसले.

भाद्रपद आला. अण्णा म्हणाले, "यंदा वर्ष झालेलं नाही. सण करायचा नाही." रीत आहे, मला माहीत होतं. पण रीत माहीत असणं आणि रिकामा पाट बघणं यांत अंतर असतं. मी रामधनीला म्हटलं, मला गंगौट आणून दे, केस धुवायला. इकडच्या बायका धुतातच. त्याने टोपलंभर माती आणली आणि डोळे बारीक करून विचारलं, "एतना? बिटिया, केतना बाल हौ तोहार?" मी म्हटलं, खूप आहेत. आमच्या अंगणात कोळशाची एक खोली होती, स्वयंपाक मीच करायचे म्हणून तिथे माझ्याशिवाय कोणी जात नसे. त्या खोलीत मी माती मळली, पेंढ आणि सुतळी घातली, आईच्या डबीतल्या गुंजा बसवल्या. गणपती आईच्या गणपतीपेक्षा मोठा झाला, चांगला दीड वीत, पोट तर एखाद्या हलवायाला शोभेलसं. दूर्वांना काय तोटा! सातव्याच्या कडेची कोवळी त्रिदलं खुडून एकवीस जुड्या केल्या. मोदक येत नव्हते म्हणून गूळ आणि लाह्या. आरती मनातल्या मनात म्हटली, टाळ्या वाजवता येईनात म्हणून नुसते हात हलवले. दीड दिवस तो कोळशात बसला होता आणि मी दर तासाला कोळसा आणायच्या निमित्ताने जात होते. आई गेल्यानंतर त्या दीड दिवसात मला प्रथम घरात कोणीतरी आहे असं वाटलं.

विसर्जनाची पंचाईत होती. गंगा पुराने फुगलेली, घाट पाण्याखाली, आणि शहर लांब. वरुणा भिंतीपलीकडे. मग मला अण्णांची शिकवण आठवली. दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी गणपती ओढणीत गुंडाळून सातव्यावर नेला, हौदीवरची फळी सरकवली, नितळ गुडघाभर पाणी होतं त्यात उतरले आणि त्याला नळीच्या तोंडाशी नीट टेकवून ठेवला, वाट सापडावी म्हणून. विरघळला की नाल्यात, नाल्यातून वरुणेत, वरुणेतून गंगेत. डोळे काढून घ्यायचं आईसारखं लक्षात होतं, पण काढवेना. म्हटलं, आंधळा कसा जाईल एवढ्या लांब? "पुढच्या वर्षी लवकर या," म्हटलं आणि फळी लावून घरी आले. इतकी शहाणी मुलगी मी.

पंधरा दिवसांनी हस्ताचा पाऊस आला. इकडे त्याला हथिया म्हणतात, जाता जाता सगळं उट्टं काढून जातो. दोन दिवस संततधार. दुसऱ्या दिवशी दुपारी रामधनी निथळत दारात आला. "साहेब, सातवाँ डूब गइल. नाला त सूखल पड़ल हौ." अण्णा छत्री न घेता धावले. मी खिडकीतून पाहिलं. सातवा नव्हताच तिथे, एक तळं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. मला तेव्हाच कळलं. चुलीवरची खिचडी करपली तरी मी खिडकीतून हलले नाही. माती आणि पेंढ, आत कुठेतरी फुगून बसलं असणार. एक वाक्य बोलले असते तर अण्णांनी पाच मिनिटांत हौदी उघडली असती. त्याऐवजी ते दिवसभर नाल्याच्या बाजूने नळीत बांबूच्या कामट्या सारत राहिले, कारण वाहून आलेला गाळ तिकडेच अडकला असेल असं त्यांना वाटलं. रात्री ते कपडे न बदलता जेवायला बसले. मी "अण्णा" म्हटलं. त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, "मीठ हवंय का?" आजही कुणी मला धीट म्हटलं की मला ते मीठ आठवतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि कडक ऊन पडलं. ते जास्त वाईट. वीतभर पाण्याखाली गवत असलं आणि वरून ऊन तापलं की गवत शिजतं. अण्णांनी हौदीची फळी काढली आणि स्वतः आत उतरले, छातीपर्यंत गढूळ पाण्यात. मी चहा घेऊन गेले होते. नळीत खांद्यापर्यंत हात घालून ते ओढत होते. आधी सुतळी आली, मग काळं पडलेलं पेंढ, मग चिखलाचा एक मोठा गोळा. त्यांनी तो बोटांनी फोडला आणि थांबले. त्यांच्या तळव्यावर लाल काहीतरी चमकलं. पुन्हा पाण्यात हात घालून त्यांनी बराच वेळ चाचपलं आणि मूठ बंद करून वर आणली. नळीतून गडगड आवाज करत पाणी सुटलं, रामधनी ओरडला, "खुल गइल! का रहल साहेब?" अण्णांनी मूठ तशीच सदऱ्याच्या खिशात घातली. "मिट्टी," ते म्हणाले. रामधनीने पेंढ्याकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्या हातून चहा घेतला आणि म्हणाले, "गार झालाय." बस्स. माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी साहेब आले तेव्हा सातवा उघडा पडला होता, पिवळा, मधेमधे काळा आणि वास मारणारा. साहेबांनी विचारलं, श्रावणात तर पाणी उतरत होतं, मग आता काय झालं? खरं उत्तर अण्णांच्या खिशात होतं. चर बरोबर होते, नळी बरोबर होती, माझ्या पोरीने त्यात गणपती कोंबला, एवढं सांगितलं असतं तर साहेब फार तर माझ्यावर खेकसले असते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत मिळाली असती. रामधनीने तोंड उघडलंही होतं, "साहेब, असल में..." अण्णांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "ढाल हमने ग़लत रखा," ते साहेबांना म्हणाले. ढाल म्हणजे उतार. "ग़लती हमारी है." चार वर्षांत त्यांनी मैदानावर केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने चूक म्हणून सांगितलं. मी थर्मास घेऊन मागे उभी होते.

साहेबांनी अगदीच रस्त्यावर नाही काढलं. आई नसलेल्या मुलीचा बाप म्हणून वसाहतीच्या सडकेकडेच्या झाडांवर नेमलं, हाताखाली एक माणूस, आणि राहायला मागच्या ओळीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. सातव्यावर पुन्हा वाळू आणि जळकं तेल थापलं गेलं. मावशी सामान न्यायलाच आली होती. अण्णा म्हणाले, "कुसुम इथेच राहील." मावशी चिडली. "इथे आता आहे काय हो, भाऊजी?" अण्णा म्हणाले, "मी आहे." मला धावत जाऊन त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. मी मावशीसाठी पाणी आणलं.

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. अण्णा रागावतील म्हणून मी रोज वाट बघायचे. मार परवडला असता, निदान एक आवाज झाला असता. दोघांना एकच गोष्ट ठाऊक आणि दोघंही ती ताटाच्या दोन बाजूंना ठेवून जेवतोय, असं चाललं होतं. ते मैदानाकडे पुन्हा कधी गेले नाहीत. कामावर जाताना लांबच्या रस्त्याने जायचे. मी आज काशीतच राहते, नातवंडं माझ्याशी हिंदीत बोलतात, आणि कुणी शांत स्वभावाच्या माणसाचं कौतुक केलं की मी उठून आत जाते. शांत माणसाबरोबर राहणं काय असतं ते राहणाऱ्यालाच ठाऊक.

माघात आईचं वर्षश्राद्ध झालं. मग पुन्हा भाद्रपद आला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अण्णा सायकलवरून उतरले तेव्हा मागे एक ओलं पोतं बांधलेलं होतं. त्यांनी ते ओट्यावर रिकामं केलं. गंगौट होती. त्यांनी बाह्या सारल्या आणि मळायला बसले. झाडं लावणारा हात, गणपती काय त्याला जमणार! सोंड दोरखंडासारखी झाली, एक कान गळून पडला, तो मी चिकटवला. अंधार पडायच्या आत मूर्ती उभी राहिली. मग त्यांनी खिशातून एक काड्यापेटी काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. आत दोन गुंजा होत्या. एक टपोरी. दुसरी थोडी बारीक, टवका उडालेली.

मी रडायला लागले. "अण्णा, मागल्या वर्षी मी..."

"डोळे लाव," ते म्हणाले. "माती ओली आहे तोवर."

मी लावले. एक वर गेला, एक खाली. आमचा गणपती अगदी तिरळा झाला. अण्णा पाटासमोर बसले, त्यांनी मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे, आणि दोन वर्षांनंतर मी तो प्रश्न ऐकला.

"हा बघतोय कुणाकडे गं? माझ्याकडे की तुझ्याकडे?"

मी हात धुवायला उठले होते. पाठमोरीच म्हणाले, "दोघांकडे."